कवडीचे आडनाव

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात खापर नावाचे गाव आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे आणि गुजरातच्या सीमेजवळचे. समुद्र इथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. इथल्या पुष्कळ मुलांनी तो पाहिलेलाही नसेल. पण समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याचे घर त्यांनी नक्की हाताळलेले असते. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतात त्या माळेत ते असते, लमाण स्त्रियांच्या कपड्यांवर ते शिवलेले असते, तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात असते आणि सारीपाट मांडला की दान टाकणाऱ्याच्या मुठीतही असते. हे घर म्हणजे कवडी.

आता असे समजा, की खापरच्या एखाद्या शाळेतल्या मुलाने बैलाच्या जुन्या माळेतली एक कवडी शाळेत आणली आणि गुरुजींना विचारले, "हिचे शास्त्रीय नाव काय?" गुरुजींनी कपाटातले जुने प्राणिशास्त्राचे पुस्तक काढले. त्यात नाव सापडले : सायप्रिया मोनेटा. मुलाने ते वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या बहिणीने, ती महाविद्यालयात शिकते, वही पाहिली आणि नाव खोडून लिहिले : मोनेटारिया मोनेटा. मुलगा बुचकळ्यात पडला. कवडी तीच, तिच्यात कालपासून आजपर्यंत काहीच बदललेले नाही. मग नाव कसे बदलले? आणि चुकले कोण, पुस्तक की बहीण?

दोघांपैकी कोणीच चुकले नाही, असे उत्तर दिले तर तुम्ही म्हणाल, हे तर शिक्षकांचे नेहमीचे गुळमुळीत उत्तर झाले. म्हणून जरा मुळापासून पाहू.

हजेरीपटावरची नावे

शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि मुलाचे नाव नंतर लिहिण्याची पद्धत आहे. खापरच्या बाजूला एकाच वर्गात अनेक वसावे, अनेक पाडवी, अनेक वळवी सापडतील. प्राण्यांची शास्त्रीय नावेही अशीच लिहितात. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा शब्द त्या प्रजातीतल्या नेमक्या जातीचा. 'सायप्रिया मोनेटा' म्हणजे सायप्रिया आडनावाच्या मंडळींपैकी मोनेटा.

ही दोन शब्दांची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनीअसने रूढ केली. त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा जमाखर्च या आवृत्तीपासून धरला जातो. त्याआधीची नावे हिशेबात घेत नाहीत. म्हणजे त्यापूर्वी कवड्यांचा अभ्यास कोणी केलाच नव्हता असे नाही. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियसने तेथील शंखशिंपल्यांची तपशीलवार वर्णने लिहून ठेवली होती, आणि तीही १६७० साली दृष्टी गेल्यानंतर. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली छापला गेला. लिनीअसने अशा जुन्या ग्रंथांचा भरपूर उपयोग केला.

लिनीअसने काय केले, तर ज्या शंखाची पाठ गुळगुळीत व फुगीर आहे, पोटाकडे लांबट फट आहे आणि फटीच्या दोन्ही काठांवर दाते आहेत, त्या साऱ्यांना एकच आडनाव दिले : सायप्रिया. सायप्रस बेटाशी जोडल्या गेलेल्या ग्रीक देवीवरून हे नाव आले. मग एकेकीचे नाव ठेवले. जी नाणे म्हणून चालत असे ती मोनेटा. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ नाणे, टांकसाळ. जिच्या पाठीवर नारिंगी-सोनेरी कडे असते ती ॲन्युलस, म्हणजे अंगठी. जिच्या पाठीवर अरबी लिपीसारखी वेडीवाकडी अक्षरे उमटल्यासारखी दिसतात ती अरेबिका. ही कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही मिळते. आणि मुठीत मावणार नाही अशी मोठी, काळपट ठिपक्यांची, तिला त्याने नाव दिले टायग्रिस, म्हणजे वाघ. वाघाला पट्टे असतात, ठिपके बिबट्याला, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. पण एकदा दिलेले नाव केवळ अर्थ जुळत नाही म्हणून बदलता येत नाही, असा नियम आहे. या 'वाघा'ला पुढे आपण पुन्हा भेटणार आहोत.

शंख, पण शंखासारखा न दिसणारा

कवडीचा प्राणी मृदुकाय संघातला, उदरपाद वर्गातला, म्हणजे गोगलगाईचा समुद्रातला नातेवाईक. पण गोगलगाईच्या पाठीवर दिसतो तसा पिळदार कळस कवडीवर दिसत नाही. तो कुठे गेला? एखादी फुटकी कवडी मधोमध आडवी कापून पाहा. आत पीळ दिसेल. लहानपणी कवडीचे कवच पातळ असते, त्याचा कळस बाहेर दिसतो आणि तोंडाचा बाहेरचा काठ सुटा, धारदार असतो. वाढ पुरी झाली की हा काठ आत वळतो, जाड होतो, त्यावर दाते येतात आणि तोंडाची फक्त एक फट राहते. यानंतर कवडी लांबीने वाढत नाही. म्हणून दाते आलेली लहान कवडी ही 'पिल्लू' नसते, ती ठेंगणी प्रौढ असते.

दुसरी गंमत चकाकीची. जिवंत कवडीच्या अंगावरचा मऊ पडदा, ज्याला प्रावार म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी वर येऊन कवचाची पाठ झाकून टाकतो. कवचावर चकचकीत थर चढवण्याचे काम हा पडदाच करतो, आणि ओरखड्यांपासून पाठीला जपतोही तोच. वरवर मुलामा देणारा कारागीर सतत घरावर बसूनच असतो म्हणा ना! ही चकाकी पाहून इटालियन लोकांनी चिनी मातीच्या भांड्यांना कवडीचेच नाव दिले, आणि इंग्रजीतला 'पोर्सेलिन' हा शब्द तिथून आला. खापर नावाच्या गावातल्या मुलांना ही गोष्ट सांगायला मला विशेष आवडेल.

या दोन गोष्टींमुळे वर्गीकरण करणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. पहिली पंचाईत वयाची. पिल्लू आणि प्रौढ इतके वेगळे दिसतात, की एकाच जातीला दोन नावे मिळाली. अटलांटिक महासागरातल्या एका कवडीला लिनीअसने १७५८ साली पट्ट्यांवरून 'झेब्रा' म्हटले, आणि तिच्याच ठिपकेदार रूपाला १७६७ साली वेगळी जात समजून 'एक्झँथेमा' म्हटले. पट्टे हे अर्धवट वाढ झालेल्या कवचाचे लक्षण होते, हे पुढे कळले. नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकले, नंतरचे गेले. दुसरी पंचाईत अशी, की वरून मुलामा चढत असल्याने रंग, ठिपके, जाडी, कडेचे उंचवटे हे सगळे एकाच जातीत पुष्कळ कमीजास्त होते.

आणि मुळात वरवरचे साम्य फसवे असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. घरात शिरणारा, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला बिनविषारी साप 'कवड्या'. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत मासा हेरणारा काळापांढरा पक्षी 'कवड्या धीवर'. दोघांचे नाव एक, पण म्हणून साप आणि पक्षी भाऊ होत नाहीत. लिनीअसच्या यादीतही असा एक कवड्या घुसला होता. पेडिक्युलस नावाची, पाठीवर बारीक आडव्या कंगोऱ्यांची चिमुकली 'कवडी' त्याने सायप्रियातच घातली. पुढे तिची शरीररचना तपासली तेव्हा ती कवड्यांची निघालीच नाही. आज तिला आणि तिच्या सोयऱ्यांना निराळ्याच कुलात ठेवतात.

दातांवरून नाते

तोंडाच्या फटीवरचे दाते हे खरे दात नव्हेत. कवडीचे खरे दात तिच्या तोंडात, एका कानशीसारख्या पट्टीवर असतात. या पट्टीला रेत्रिका म्हणतात. खडकावरचे खाद्य खरवडण्यासाठी ती उपयोगी पडते. कवडीच्या रेत्रिकेवर एका ओळीत सात दात असतात, आणि अशा ओळींमागून ओळी. जर्मनीतल्या बॉन येथील ट्रोशेल या प्राध्यापकाने आयुष्याची कित्येक वर्षे गोगलगाईंच्या रेत्रिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात घालवली. कवड्यांच्या दातांचे आकार सारखे नाहीत हे पाहून त्याने १८६३ साली सायप्रिया आडनावाच्या एकत्र कुटुंबातून काही वेगळी घरे काढली. नाण्याच्या कवडीचे मोनेटारिया, अरबी अक्षरांच्या कवडीचे मॉरिशिया, आणखी एरोसारिया, लिन्सिना, टाल्पारिया वगैरे. म्हणजे बहिणीने वहीत लिहिलेले 'मोनेटारिया' हे नाव नवे नाही, दीडशे वर्षांहून जुने आहे.

मग ते आपल्या पुस्तकांत का नव्हते? कारण भांडण मिटले नव्हते. १८८४ साली फ्रान्सच्या झुसोमने कवड्यांची आणखी कित्येक प्रजातींत फोड केली. विसाव्या शतकात जर्मनीत फ्रान्झ आल्फ्रेड शिल्डर आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी असंख्य कवड्या मापल्या. प्रत्येकीची लांबी, लांबीच्या मानाने रुंदी, आणि फटीच्या दोन्ही काठांवरच्या दात्यांची संख्या यांचे एक सूत्रच त्यांनी बसवले. त्यांची जिवंत व जीवाश्म कवड्यांची सूची १९७१ साली प्रसिद्ध झाली. त्यांचा कल बारीक विभागणीकडे होता.

याच्या अगदी उलट मत हवाई बेटांवरच्या ॲलिसन के यांचे. त्यांनी कवचाकडे पाहण्याऐवजी आतल्या प्राण्याची चिरफाड केली. मज्जातंतू, कल्ले, जननेंद्रिये, रेत्रिका, सगळे तपासले. १९६० साली त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे, की या प्राण्यांमधले फरक एवढे मोठे नाहीत की त्यांना वेगवेगळ्या प्रजाती म्हणावे. सायप्रिया ही एकच प्रजाती पुरे. १९७० आणि १९८५ साली डॉ. बर्जेस यांनी जगभरच्या कवड्यांवर जी दोन पुस्तके लिहिली, त्यांतही सर्व कवड्यांचे आडनाव सायप्रियाच ठेवले होते. संग्राहकांच्या हाती ही पुस्तके होती. गुरुजींच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात 'सायप्रिया मोनेटा' का, याचे उत्तर इथे आहे.

इथे थोडे थांबू, कारण इथेच खरी मेख आहे. दोनशेहून अधिक जातींचे एकच कुटुंब मानायचे की तीसचाळीस घरे करायची, हा प्रश्न खरेखोटे ठरवण्याचा आहे का? एका आजोबांची नातवंडे एकत्र राहतात की वेगळ्या चुली मांडतात, याने त्यांचे आजोबा बदलत नाहीत. के यांचे एकत्र कुटुंब आणि शिल्डर यांच्या वेगळ्या चुली, दोन्ही मान्य होऊ शकतात. पण वाटणी करताना सख्ख्या भावाला बाहेर ठेवून चुलत्याला घरात घेतले, तर ते मात्र चुकीचे. नात्याचा पुरावा तपासून ही चूक दाखवता येते. तेव्हा नावातला काही भाग सोयीचा आणि काही भाग सत्याचा असतो. सोयीबद्दल वाद घालण्यात पिढ्या गेल्या. सत्याबद्दल बोलायला पुरावाच अपुरा होता.

पोथ्यांची घराणी

हा पुरावा शेवटी मिळाला तो प्राण्याच्या पेशींतून. तो कसा वाचतात हे समजायला पुण्यातले एक उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम सुरू झाले, आणि मूळ ग्रंथाचे काम १९६६ साली पुरे झाले. पंडितांपुढे देशभरातून आलेल्या हस्तलिखितांचा ढीग होता. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून काढत. उतरवणाऱ्याच्या हातून एखादी चूक झाली, की त्या पोथीवरून केलेल्या प्रत्येक नकलेत ती चूक उतरे. म्हणून दोन पोथ्यांत नेमक्या त्याच चुका आढळल्या तर त्या एका घराण्याच्या, असे ठरवता येते. कागद पिवळा आहे की पांढरा, अक्षर सुबक आहे की गचाळ, याला इथे महत्त्व नाही.

सजीवांच्या पेशीत डीएनए नावाची अशीच एक पोथी असते. ती चार 'अक्षरांत' लिहिलेली असते आणि प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत जातो. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर मेयर यांनी जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या कवड्यांच्या डीएनएतले दोन उतारे अक्षराला अक्षर लावून वाचले. हे उतारे पेशीतल्या तंतुकणिकांमधले होते. २००३ आणि २००४ साली त्यांनी त्यावरून मांडलेली वंशावळ प्रसिद्ध केली.

या वंशावळीने बऱ्याच ठिकाणी ट्रोशेलच्या दातांना दुजोरा दिला. मोनेटा आणि ॲन्युलस एकाच घरातल्या निघाल्या. पण काही ठिकाणी पाट्या उलट्यापालट्या झाल्या. त्यातले आपल्या पश्चिम किनाऱ्याशी संबंधित असे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

अरबी समुद्रात ऑसेलाटा नावाची लहानशी कवडी आहे. तिच्या पाठीवर डोळ्यांसारखे, पांढऱ्या कड्यात काळा ठिपका असे ठिपके असतात. लिनीअसने तिला सायप्रिया ऑसेलाटा म्हटले. ट्रोशेलच्या वाटणीनंतर ती एरोसारियाच्या घरात गेली. आता दुसरीकडे, प्रशांत महासागरात इरोराटा नावाची एक चिमुकली कवडी आहे. ती इतकी वेगळी दिसते, की ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३७ सालीच तिच्यासाठी नॅरिया असे स्वतंत्र आडनाव काढले होते. डीएनएच्या वंशावळीत इरोराटा एरोसारियांच्या अगदी मधोमध येऊन बसली! म्हणजे ती सख्खी बहीण, वेगळी चूल मांडायचा तिला अधिकार नाही. तिला घरात घेणे भागच होते. पण मग घराचे नाव काय? नियम सांगतो, दोन नावांपैकी जे आधी दिले गेले ते टिकेल. नॅरिया १८३७ सालचे, एरोसारिया १८६३ सालचे. झाले! एका चिमुकल्या कवडीला घरात घ्यायला गेले आणि तिचेच आडनाव साऱ्या घराला लागले. आपली ऑसेलाटा आता नॅरिया ऑसेलाटा आहे. सायप्रिया, एरोसारिया, नॅरिया : तीन आडनावे झाली. पहिला बदल सोयीचा होता, दुसरा पुराव्याने भाग पाडलेला. ही घटना मला साऱ्या कवडीपुराणात सर्वांत उद्बोधक वाटते.

देव कोणाकडे राहिले?

एकत्र कुटुंब मोडले, घरे वेगळी झाली. मग 'सायप्रिया' हे मूळचे नाव कोणाकडे गेले? आपल्याकडे वाटणी झाली, की घरातले देव एका भावाकडे राहतात. तसाच नियम इथेही आहे. प्रत्येक प्रजातीची एक जात तिची 'प्रमाण जात' म्हणून ठरवलेली असते. घराचे कितीही तुकडे झाले तरी मूळ नाव त्या जातीबरोबर जाते. सायप्रियाची प्रमाण जात फ्रान्सच्या माँफोर यांनी १८१० साली ठरवली होती, आणि ती होती आपला ठिपक्यांचा वाघ, टायग्रिस. म्हणून सायप्रिया हे आडनाव आज तिच्याकडे आहे, आणि तिच्या तांबड्या समुद्राकडच्या एका बहिणीकडे. तिचे नाव पँथेरिना, ते लाइटफुट याने १७८६ साली दिले. बस्स. जगात आज कवड्यांच्या सुमारे अडीचशे जाती मानतात. एके काळी ज्यांची सर्वांची नावे सायप्रिया या शब्दाने सुरू होत, त्यांपैकी जिवंत जातींत हे आडनाव उरले आहे दोघींनाच. बाकी साऱ्या मिळून जे मोठे कूळ होते त्याला मात्र अजूनही सायप्रियावरूनच सायप्रिइडी म्हणतात.

या घडामोडींची खूण शास्त्रीय नावातच ठेवलेली असते, आणि ती ओळखायला शिकणे सोपे आहे. पूर्ण नाव असे लिहितात : सायप्रिया टायग्रिस लिनीअस, १७५८. नाव देणाऱ्याचे नाव आणि साल. आता हे पाहा : मोनेटारिया मोनेटा (लिनीअस, १७५८). इथे कंस आहे. कंसाचा अर्थ, लिनीअसने या जातीला नाव दिले खरे, पण वेगळ्या आडनावाखाली; नंतर कोणीतरी तिला दुसऱ्या घरात नेले. पुस्तकात कंस दिसला की समजावे, या जातीने घर बदलले आहे. परीक्षेत विद्यार्थी हा कंस सर्रास गाळतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शिक्षकही.

नावाचा घोळ महाग पडतो

हे सगळे विद्वानांचे भांडण आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण कवडीच्या बाबतीत जाती ओळखण्याचा संबंध थेट पैशाशी आला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे सन ११५० च्या सुमारास, हिशेबाचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. (याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.) ही नाण्याची कवडी म्हणजे मोनेटा. ती प्रवाळाच्या उथळ समुद्रात वाढते आणि तिचे मोठे कोठार होते मालदीव बेटे. तिथून ती बंगालला येई आणि युरोपीय व्यापारी ती पश्चिम आफ्रिकेलाही नेत, तेही गुलामांच्या खरेदीसाठी. मालदीवची कवडी लांबून आणावी लागे, म्हणून तिला किंमत होती. १८४५ च्या सुमारास जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, झांझिबारकडची कवडी पश्चिम आफ्रिकेत उतरवायला सुरुवात केली. ती होती ॲन्युलस, मोनेटाची बहीण. ती मुबलक होती आणि स्वस्त पडे. जहाजेच्या जहाजे भरून ती येऊ लागली आणि कवडीचा भाव कोसळत गेला. ज्यांची आयुष्यभराची पुंजी कवड्यांत होती त्यांच्या हाती 'कवडीमोल' म्हणावे असे काही उरले.

आता कायद्याकडे पाहा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली काही शंखशिंपल्यांची भर घातली गेली. त्यात कवड्यांपैकी मॅपा आणि टाल्पा या जातींची नावे सायप्रिया मॅपा, सायप्रिया टाल्पा अशी होती. आज शास्त्रज्ञ त्यांना लेपोरिसायप्रिया मॅपा आणि टाल्पारिया टाल्पा म्हणतात. २०२२ सालच्या दुरुस्तीने कायद्याच्या याद्यांची फेरमांडणी झाली, पण मुद्दा तोच राहतो. किनाऱ्यावर तपासणी करणाऱ्या माणसाला दोन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत हे माहीत नसेल, तर कवडी पेटीतून निघून जाईल. दुसरा शब्द, म्हणजे जातीचे नाव, टिकून राहते म्हणून शोध घेता येतो, एवढा दिलासा.

डीएनए आले म्हणून सगळे प्रश्न सुटले, असेही समजू नका. मेयर आणि गुस्ताव पॉले यांनी २००५ साली कवड्यांच्याच दोन हजारांहून अधिक नमुन्यांवर एक परीक्षा घेतली. ज्या जाती आधीच नीट अभ्यासलेल्या आहेत त्यांतला एखादा अनोळखी नमुना डीएनएच्या उताऱ्यावरून ओळखताना सुमारे ४ टक्के वेळा चूक झाली. पण जिथे आधीचा अभ्यास अपुरा असेल आणि 'इतक्या अक्षरांचा फरक म्हणजे वेगळी जात' असा ठोकळ नियम लावला, तिथे चुका सुमारे १७ टक्क्यांवर गेल्या. म्हणजे कवच हातात घेऊन बसणाऱ्या माणसाचे काम अजून संपलेले नाही.

बैलाच्या माळेतली कवडी

आता आपल्या खापरच्या मुलाकडे परत जाऊ. त्याच्या हातातली कवडी नक्की मोनेटाच का? इथे एक अडचण आहे. माळेत ओवण्यासाठी कवडीची पाठ बहुधा घासून किंवा फोडून टाकलेली असते. ॲन्युलसची ओळख पटवणारे सोनेरी कडे तर पाठीवरच असते! तेव्हा उरलेल्या लक्षणांवरून ओळखावे लागेल. कवडी पालथी न धरता पोटाची बाजू वर करून धरा आणि कडेची रेघ पाहा. मोनेटा बहुधा चौकट तिरकी केल्यासारखी, कोपरे असलेली, कडेला गाठीसारखे उंचवटे असलेली दिसते. ॲन्युलस लंबगोल, गुळगुळीत कडांची. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण उंचवटे नसलेल्या मोनेटाही असतात. माझ्या माहितीतल्या एका शाळेच्या कपाटात 'सायप्रिया मोनेटा' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत निम्म्याहून अधिक कवड्या ॲन्युलस निघाल्या होत्या, आणि बरणी कित्येक वर्षे तशीच होती.

एक माळ घेऊन पंचवीस-तीस कवड्या तपासा. प्रत्येकीला पेन्सिलीने क्रमांक द्या. लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मापा, रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणा, फटीच्या दोन्ही काठांवरचे दाते भिंगाखाली मोजा, कडेला गाठी आहेत की नाहीत ते लिहा. मग कोपरेवाल्या आणि लंबगोल असे दोन ढीग करा. कोणत्याच ढिगात जाईनात अशा काही उरतील. त्यांचा तिसरा ढीग करा, ओढूनताणून त्यांना कुठे ढकलू नका. शिल्डर पतिपत्नींनी जे केले त्याची ही छोटी आवृत्ती आहे, आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही की समुद्रही लागत नाही. फक्त माळ आजोबांना विचारून घ्या, आणि नवे नमुने हवेत म्हणून किनाऱ्यावरून जिवंत कवड्या आणवू नका.

झाले की डबीवर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर आधी लिहा : कुठे मिळाली, कोणत्या वस्तूतून, कोणत्या तारखेला. त्याखाली मोनेटारिया मोनेटा (लिनीअस, १७५८), कंसासह. आणि शेवटच्या ओळीत, लहान अक्षरात : जुन्या पुस्तकांत सायप्रिया मोनेटा. नाव पेन्सिलीने लिहिले तरी चालेल. गाव आणि तारीख मात्र शाईने लिहा.